सैनिकाचा आजार आणि पुराव्याचे ओझे

(माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



रणांगणात गोळी लागली, तर तिचे कारण कोणी विचारत नाही. प्रश्न उभा राहतो तो आजाराचा. विशीत धडधाकट म्हणून भरती झालेला जवान काही वर्षांनी अपस्मार किंवा मनोविकार घेऊन घरी परततो. तो विकार सेवेमुळे जडला की मुळातच त्याच्या देहात होता, हे सिद्ध कोणी करायचे?

१९८२ च्या नियमावलीने याचे उत्तर नि:संदिग्ध दिले होते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे सेवामुक्तीस कारण झाला, तर तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे. सैनिकाकडे पुरावा मागू नये. वाजवी शंका असल्यास तिचा लाभ त्यालाच द्यावा. आघाडीवर सेवा केलेल्याला तर अधिक उदारपणे. अपंगत्व मात्र किमान २० टक्के हवे.

कागदावर हे असे. व्यवहारात वैद्यकीय मंडळाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा मारावा आणि त्या ओळीवर एका कुटुंबाची भाकरी अडावी! धर्मवीर सिंह हे सिग्नल दलातील जवान. १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये अपस्मारामुळे घरी धाडले गेले. २० टक्के अपंगत्व मान्य झाले. सेवेशी संबंध मात्र अमान्य. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो २ जुलै २०१३ रोजी, म्हणजे एकोणीस वर्षांनी. मंडळाने कारणे दिली नव्हती. भरतीच्या वेळच्या नोंदी मागवल्याचेही कोठे दिसत नव्हते. भरतीच्या तपासणीत हा आजार कळणे शक्य नव्हते असे म्हणायचे असेल, तर त्याची कारणे मंडळानेच लिहिली पाहिजेत, हे त्या निकालाचे मर्म.

सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, असा आक्षेप आहे. रक्तदाब-मधुमेहाच्या बाबतीत तो अगदीच निराधार नसेलही. पण त्यावरचा उपाय काटेकोर तपासणी हा आहे. सरसकट नकार नव्हे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. आपले प्रकरण कोणत्या नियमावलीत बसते, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्या. मी पत्रकार आहे, वकील नव्हे.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. तेथे जाण्यापूर्वी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवृत्ताची प्रत मागून घ्या. तीत शेऱ्याखाली कारण लिहिले आहे की जागा कोरीच आहे, ते पाहा.