ऑपरेशननंतरचा पहिला पेग

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत, गुलमंडीतली दुकानं बंद झालीत आणि मी आमच्या दुकानाच्या माळ्यावर बसून बोलतोय. खालून एखादी बुलेट गेली तर आवाज येईल, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. पुढच्या आठवड्यात मित्राचं लग्न आहे. आता एखादा पेग चालेल का?" त्याला मी लगेच उत्तर दिलं, "नको." त्यानं विचारलं, "का?" ते काही दोन ओळींत सांगता येईना. म्हणून हा भाग. दुसरं म्हणजे हाच प्रश्न मी चारेक वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं.

तर माझं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालं. वजन १३८ किलो होतं. शुगर सुरू झालेली, रात्री झोपेत श्वास अडकायचा. दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो की गिऱ्हाईकच विचारायचं, "शेठ, बसा जरा, पाणी घ्या." स्लीव्ह केली. घरच्यांशिवाय कोणालाच सांगितलं नाही. गल्लीत विचारलं की आई सांगायची, "डाएट करतोय पोरगा." ही लपवाछपवी पुढं महागात पडली, ते सांगतोच.

दवाखान्यानं डिस्चार्जच्या वेळी जो कागद दिला होता त्यावर दारू घेऊ नका असं स्वच्छ लिहिलं होतं. समजावूनही सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की पहिले सहा महिने नाही. सहा झाले, बारा झाले, काहीच घेतली नाही. चौदाव्या महिन्यात वजन ८४ वर आलं. नवे शर्ट शिवले. आणि एका दोस्ताच्या साखरपुड्यानंतर दौलताबाद रोडच्या एका ढाब्यावर आम्ही बसलो.

ऑपरेशनच्या आधी माझी कपॅसिटी म्हणजे चर्चेचा विषय होता. क्वार्टर संपवून मीच बाकीच्यांना घरी सोडायचो. त्या रात्री मी दोन लार्ज घेतले, अर्ध्या-पाऊण तासात. चखण्यातले चार शेंगदाणे आणि पनीरचा एक तुकडा, तेवढ्यात पोट भरलं. नंतर स्कूटी काढली. छावणीपर्यंतचं आठवतं. नगर नाका आठवत नाही, बाबा पेट्रोल पंप आठवत नाही, मिल कॉर्नर, औरंगपुरा, काहीच आठवत नाही. सकाळी उठलो तर घरासमोर स्कूटीचा आरसा तुटलेला, माझा गुडघा सोललेला, आणि धाकटा भाऊ उशाशी बसून होता. त्यानं एकच विचारलं, "कोणाला धडकलास का रे तू?" मला उत्तर देता आलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. दोन दिवस मी पेपर उघडून शहराच्या पानावर अपघाताच्या बातम्या शोधत होतो. सुदैवानं तसं काही निघालं नाही.

आता हे दोन पेगवर का झालं, ते समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांकडून आणि वाचून जे पक्कं कळलंय तेवढंच सांगतो.

आपण पितो तेव्हा दारू आधी जठरात थांबते. जठराच्या तोंडाशी झडप असते, ती थोडं थोडं पुढं सोडते. पोटात जेवण असेल तर आणखी हळू. थोडी दारू जठराच्या अस्तरातच मोडते. पुढं लहान आतड्यात गेली की मात्र झपाट्यानं रक्तात उतरते. म्हणजे जठर हे एक प्रकारचं स्पीडब्रेकर आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात, केळ्यासारखी एक नळी उरते. झडप राहते, पण नळीत दाब जास्त, त्यामुळे पातळ पदार्थ भराभर पुढं सरकतात. बायपासमध्ये तर वर अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. झडपच वाटेत येत नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी. एक, वजन उतरलं की अंगातलं पाणीही कमी होतं. तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते, म्हणजे जास्त कडक होते. दुसरं, चखणा. बाकीचे दोस्त रोटी-भाजी, चिकन हाणत असतात. आपल्याला दोन घासांत भरतं. टेबल भरलेलं दिसतं, पण दारूच्या हिशोबानं आपण उपाशीपोटीच पीत असतो.

मार्टा यानिना पेपिनो नावाच्या संशोधक आहेत, अमेरिकेतल्या. २०१५ साली त्यांच्या टीमनं बायपास झालेल्या बायकांवर अभ्यास केला. मोजून दारू दिली आणि रक्त तपासलं. निष्कर्ष असा की दोन ड्रिंक घेतले तर रक्तातली पातळी चार घेतल्यासारखी चढते, आणि काही मिनिटांतच चढते. २०१८ मध्ये स्लीव्हवर तोच प्रयोग केला, तिथंही तेच निघालं. म्हणजे माझे दोन लार्ज म्हणजे चार लार्ज, तेही उपाशीपोटी आणि एकदम. मग नगर नाका कुठून आठवणार?

हिशोबच करायचा तर करू. ६० मिलिच्या लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. कोणी म्हणतं, "मी दारू नाही, फक्त बिअर." ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिच्या बाटलीत ४० ग्रॅम असतं. म्हणजे दोन लार्ज. आपल्या वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअर एवढी बनते की २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायला सांगावी लागली होती. त्यामुळे बिअरला आपण घरचीच समजतो. शरीर तसं समजत नाही. शिवाय बिअरच्या गॅसनं लहान झालेलं पोट फुगतं ते वेगळंच.

गाडीचं पण ऐका. कायद्यात मर्यादा आहे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. ऑपरेशन न झालेल्या ८० किलोच्या माणसानं उपाशीपोटी एक लार्ज घेतला तरी ढोबळ हिशोबानं तो त्याच्या आसपास जातो. ऑपरेशन झालेल्यानं घेतला तर केव्हाच ओलांडतो. पहिल्यांदा सापडलात तर १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि समोरून येणाऱ्या माणसाला आपल्या ऑपरेशनची काही कल्पना नसते.

इथपर्यंत जे सांगितलं ते एका रात्रीचं झालं. मला आज बोलायचंय ते पुढच्या सहा महिन्यांबद्दल.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर मी घाबरून सोडली असेल. घाबरलो, पण सोडली नाही. मी काय केलं? बाहेर प्यायचं बंद केलं आणि दुकानात सुरू केलं. रात्री शटर अर्धं खाली, भाऊ हिशोब घेऊन घरी गेला की मी माळ्यावर. म्हटलं, आता थोडक्यात चढते, स्वस्तात काम होतं. तीस मिलि पुरायची. मग साठ. मग नव्वद. पटकन चढते आणि पटकन उतरते, म्हणून परत घ्यावीशी वाटते. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मी रोज पिणारा माणूस झालो होतो. १३८ किलोचा असताना मी महिन्यातून दोनदा बसायचो. हे लक्षात घ्या.

मला वाटायचं हा माझाच नालायकपणा आहे. नंतर कळलं की याच्यावर मोठा अभ्यास झालेला आहे. वेंडी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १० हॉस्पिटलांतल्या १,९४५ जणांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. दारूचा त्रास म्हणता येईल अशी लक्षणं ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी ७.६ टक्के लोकांत होती. पहिल्या वर्षी ७.३. म्हणजे काहीच फरक नाही, उलट किंचित कमी. दुसऱ्या वर्षी ९.६. पुढं २०१७ मध्ये जास्त वर्षांचे आकडे आले. बायपास झालेले, ज्यांना आधीच्या वर्षी असा त्रास नव्हता, त्यांच्यातल्या २०.८ टक्के लोकांत पाच वर्षांत ही लक्षणं दिसली. साधारण पाचात एक.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, स्लीव्हला जसेच्या तसे लावू नका. पण त्यातला क्रम बघा. पहिलं वर्ष चांगलं जातं. वजन उतरतंय, सगळे कौतुक करतायत, डॉक्टरांकडे फेऱ्या चालू आहेत, आई चमच्यानं मोजून प्रोटीन पावडर देतेय. दुसऱ्या वर्षी सगळे सैल पडतात. फेऱ्या बंद, आई निर्धास्त, आपण नव्या कपड्यांत. लोक ज्या सहा महिन्यांची भीती घालतात ते सहा महिने आपण पार करतो आणि म्हणतो, जिंकलो. खरा धोका त्याच्यानंतर सुरू होतो, आणि तेव्हा बघणारं कोणी नसतं.

लोक म्हणतात, खायचं व्यसन दारूवर गेलं. थोडं असेलही. पण त्याच अभ्यासात पोटाला नुसता पट्टा बांधलेले लोक पण होते. त्यांचंही खाणं कमी झालं होतं. त्यांच्यातलं प्रमाण ११.३ टक्केच निघालं. म्हणजे नुसत्या मनाच्या कमजोरीनं हे सुटत नाही. दारू रक्तात किती वेगानं जाते, मेंदूला किती जोरात लागते, हा शरीराचाही भाग आहे. धोका जास्त कोणाला? पुरुष, कमी वयाचे, सिगारेटवाले, आधीपासून नेमानं पिणारे, आणि ज्यांना आपलं म्हणणारी माणसं कमी आहेत असे. यातल्या तीन खुणा माझ्यावर होत्या. चौथी मी स्वतः तयार केली, ऑपरेशन लपवून. दोस्तांना माहीतच नाही, मग ते "घे की भावा" म्हणणारच. आणि पितो हे घरच्यांपासून लपवलेलं. म्हणजे पूर्ण गोष्ट माहीत असलेला माणूस गुलमंडीत एकही नव्हता.

पकडलं भावानंच. एका रात्री तो छत्री विसरला म्हणून परत आला. मी माळ्यावर घामानं भिजलेला, हात थरथरतायत, जीभ जड. त्याला वाटलं चढलीय, झोपवावं. पण काय सुचलं त्याला, वडिलांचं शुगर बघायचं मशीन दुकानातच असतं, त्यानं बोट टोचलं. शुगर ४८. ही गोष्ट नीट ऐका. दारू लिव्हरला साखर तयार करू देत नाही. त्यात या ऑपरेशननंतर साखर अशीही खाली जाऊ शकते. आणि साखर उतरलेला माणूस हुबेहूब पिलेल्यासारखा दिसतो. दोस्त हसतात, व्हिडिओ काढतात, पांघरूण घालून निघून जातात. तो माणूस सकाळी उठेलच असं नाही. असं कोणी दिसलं तर साखर बघा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि ऑपरेशन झालंय हे त्यांना सांगा.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथं कळलं की बी-वनसुद्धा कमी झालंय. ते फार घटलं तर चाल बिघडते, नजर बिघडते, स्मरणशक्ती जाते. औषधं, समुपदेशन, दर आठवड्याची मीटिंग, हे सगळं झालं. आता तीन वर्षं होत आली, घेतलेली नाही. वजन ८९ आहे. लपवत नाही.

तर ज्यानं विचारलं होतं त्याला, आणि बाकीच्यांना, मोजकं सांगतो.

ऑपरेशन करायचं असेल तर किती पिता ते डॉक्टरांना आधीच खरं सांगा. निम्मं करून सांगू नका. पहिलं वर्ष अजिबात नाही. आधी नेमानं पीत असाल, घरात कोणाला व्यसन असेल, किंवा बायपास झालं असेल, तर कायमची नकोच, यात वाद घालू नका. बाकीच्यांनी पण "आता चालेल का" हे मित्राला किंवा मला न विचारता आपल्या सर्जनला विचारावं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी पण तपासणीला जा. आणि एक माणूस असा ठेवा ज्याला ऑपरेशन आणि दारू दोन्ही माहीत आहे.

रोज घेणं सुरू झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. थरथर, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडा. आपल्याकडे घाटीत मानसोपचार विभाग आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनासाठी १४४४६, आणि मन जड झालं असेल तर टेली मानस, १४४१६. पैसे लागत नाहीत.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एकच. कोणी "नको" म्हणालं तर कारण विचारू नका. "एकानं काय होतं" म्हणू नका. एकानं काय होतं ते मला नगर नाक्यापासून पुढं आठवत नाही.

ज्याचा मेसेज आला होता तो लग्नाला जाऊन आला. लिंबू सोडा मागितला, गॅसमुळे तोही सोसला नाही, मग साधं सरबत घेतलं. नाचला म्हणे दीड तास. त्याला विचारून हे सांगतोय.

हा भाग एखाद्याला उपयोगी पडेल असं वाटलं तर ग्रुपवर टाकू नका, त्याला एकट्याला पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू. शटर ओढतो आता.