परदेशात शिकवताना पोरं ऐकत नसतील तर?

आकुर्डीतून बोलतोय. बाहेरच्या विद्यापीठात शिकवायला निघालेले लोक हमखास विचारतात, तिथली पोरं ऐकत नसतील तर काय करायचं?

आधी उलटं उदाहरण बघू. १९१६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटेन नावाचे इंग्रज प्राध्यापक होते. व्हरांड्यात गडबड केली म्हणून त्यांनी धक्काबुक्की केली, असा मुलांचा आरोप होता. संप झाला, मिटला. साधारण महिन्याभराने पुन्हा तशीच तक्रार आली आणि मुलांनी ओटेनना मारलं. त्या प्रकरणात सुभाषचंद्र बोसांना कॉलेजातून काढलं.

व्हरांड्यातला आवाज कुठवर गेला बघा! आपला मास्तर रागावला तर मुलं म्हणतात, सर चिडले. परका रागावला की म्हणतात, हा आपल्याला कमी लेखतो.

म्हणून अंगाला हात लावायचा नाही. चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. एकट्याला बोलवायचं, दार उघडं ठेवायचं. तिथल्या सहकाऱ्याला विचारायचं, ‘हे इथे उद्धटपणात मोडतं का?’ मध्येच प्रश्न विचारणं सगळीकडे उद्धटपणा नसतो. तरीही थांबलं नाही, तर तारखेनिशी लिहून विभागप्रमुखांना लवकर कळवा.

भेटू पुढच्या भागात!