झोळीतली झोप : सैल बांधा, निवांत झोपा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त कोकणात समुद्रकिनारी एक रात्रीचं शिबिर ठरलं आहे. तंबू, शेकोटी, गाणी, सगळं आहे. नावनोंदणीची यादी मी पाहिली. चाळिशीच्या आतल्यांची गर्दी आहे, साठीच्या पुढची नावं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. विचारलं तर उत्तर एकच, "दिवसभर येऊ हो, पण रात्री नको. जमिनीवर झोपणं आता होत नाही." कारण खरं आहे. तंबूत पातळ चटईवर झोपलं की खुबा, खांदा आणि कंबर रात्रभर जमिनीशी भांडतात, आणि सकाळी उठताना हात द्यायला माणूस लागतो. पण पंचवीस वर्षं एका आवारात राहिलेल्या माणसांनी एका रात्रीसाठी दोन गटांत विभागून जावं, हे काही मला बरं वाटेना. म्हणून आज मी झाडांना बांधायच्या झोळीविषयी, म्हणजेच हॅमॉकविषयी बोलणार आहे. गेली काही वर्षं बाहेरच्या मुक्कामाला मी त्यातच झोपतो, आणि माझी पाठही सत्तरीतलीच आहे.

हॅमॉक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केळ्यासारखी वाकलेली झोळी आणि त्यात कंबरेतून मुडपलेला माणूस येतो. तासभर पेपर वाचायला ठीक, रात्रभर कोण झोपणार? या शंकेचं उत्तर दोन वाक्यांत सांगता येतं. आपण हॅमॉक ताणून बांधतो, तो सैल बांधायचा असतो. आपण त्यात सरळ झोपतो, झोपायचं असतं तिरकं. माझं आजचं भाषण एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

आधी थोडा इतिहास. हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. 1492 मध्ये कोलंबस त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा तिथले लोक झाडांना आणि घराच्या खांबांना बांधलेल्या जाळीत झोपताना त्याच्या माणसांना दिसले. जमिनीपासून वर असल्यामुळे ओल नाही, किडा-मुंगी कमी, आणि उष्ण हवेत खालून वारा. पुढे ही झोळी जहाजांवर आली. जहाज डावी-उजवीकडे कललं तरी टांगलेली झोळी आपली जागा राखते, माणूस गडगडत नाही. ब्रिटिश नौदलात एका खलाशाला झोळी टांगायला चौदा इंच रुंदीची जागा मिळायची. आपल्या पार्किंगच्या वादांपुढे हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे! मेक्सिकोतल्या युकातान भागात आजही कितीतरी घरांत भिंतींत आकडे बसवलेले असतात. रात्री हॅमॉक टांगायचा, सकाळी काढून ठेवायचा. तिथे ती चैनीची वस्तू नाही, तो रोजचा पलंग आहे. आणि ती माणसं झोळीत लांबीच्या रेषेत झोपत नाहीत, तिरकी किंवा जवळजवळ आडवी झोपतात.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? शेतात काम करणारी बाई झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ निजवते. ती झोळी कधी ताठ बांधलेली पाहिली आहे का? चांगली खोल असते. खोल असते म्हणूनच बाळ कलंडत नाही. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मोठ्या माणसाचं बघू. झोळी ताणली की कापडाचा मधला पट्टा दोरीसारखा ताठ होतो, दोन्ही कडा वर येऊन खांदे आवळतात, आणि आपलं वजन उंचावर गेल्यामुळे जरा कुशीवर वळलं की आपण खाली. झोळी सैल सोडली की कापडाला रुंदीत मोकळीक मिळते. मग डोकं मधल्या रेषेच्या एक हातभर डावीकडे आणि पाय तितकेच उजवीकडे सरकवायचे. मधल्या रेषेवर कापडाचा बाक सर्वांत खोल असतो, तिरक्या रेषेवर तो उथळ होतो. एका क्षणी पाठ सपाट झाल्याचं आपलं आपल्यालाच कळतं. कुणाला डोकं उजवीकडे, पाय डावीकडे जास्त बरं वाटतं. दोन्ही करून पाहावं.

सैल म्हणजे किती सैल? पट्टा झाडापासून झोळीकडे उतरतो, तो आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांचा कोन करायला हवा. कोनमापक न्यायची गरज नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात उघडा, तर्जनी आडवी आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचा जो उतार, तो जवळजवळ तीस अंशांचा. पट्ट्याचा उतार त्याच्याशी जुळवायचा. दर वेळी हा खटाटोप नको असेल तर झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाकतात. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या सुमारे 83 टक्के ठेवायची. अकरा फुटी झोळी म्हणजे 132 इंच, तर दोरी सुमारे 110 इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळीचा झोल तोच राहतो. त्याच दोरीला रात्री चष्म्याची पिशवी आणि बॅटरी टांगता येते. मात्र उठताना आधार म्हणून ती धरायची नाही.

विकत घेताना लांबी पाहा. बाजारात नऊ फुटांच्या आसपासच्या झोळ्या पुष्कळ मिळतात. त्या बसायला छान, झोपायला आखूड. अकरा फुटी घ्यावी. दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावून पलंगासारखी सपाट केलेली झोळी दिसायला आकर्षक असते, पण तीच सर्वांत लवकर उलटते. ती बंगल्याच्या बागेत शोभेला ठीक आहे.

झाडांमधलं अंतर बारा ते पंधरा फूट असावं. चौदा फुटांवर झाडं असतील तर पट्टा सुमारे साडेपाच फूट उंचीवर बांधावा. आपण बसल्यावर झोळी खुर्चीइतकी, म्हणजे दीड फूट उंच राहायला हवी. ज्येष्ठांसाठी ही उंची फार महत्त्वाची. पाय टेकले पाहिजेत, म्हणजे रात्री दोनदा उठावं लागलं तरी कुणाला हाक मारायला नको. पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच बांधावं, नाहीतर माणूस झोपेत हळूहळू पायांकडे घसरतो. आणि गुडघ्यांखाली लहान उशी किंवा शालीची गुंडाळी ठेवावी. तिरकं झोपल्यावर गुडघे मागच्या बाजूला ताणले जातात. उशीने तो ताण जातो.

आता जरा गंभीर विषय, आणि हा तरुणांसाठी आहे. झोळी ताणली की नुसती झोप बिघडत नाही, बांधलेल्या जागेवर प्रचंड ओढ येते. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, म्हणून आकड्यांतच सांगतो. सत्तर किलोचा माणूस आहे. पट्टे तीस अंशांत असतील तर प्रत्येक बाजूला सत्तर किलोची ओढ. दहा अंशांत बांधले तर सुमारे दोनशे किलो. पाच अंश, म्हणजे जवळजवळ ताठ, तर सुमारे चारशे किलो प्रत्येक बाजूला! माणूस तोच, झोळी तीच, फक्त ताण बदलला. त्यात दोन मुलांनी एकदम उडी मारली तर विचारूच नका.

आपल्या आवारात गेल्या वर्षभरात दोन-चार हॅमॉक आले आहेत. मला त्याचा आनंदच आहे. पण ते फाटकाच्या खांबाला, गच्चीच्या कठड्याला, बाल्कनीच्या ग्रिलला किंवा पाण्याच्या पाइपला बांधू नका. विटांचा खांब वरचा भार पेलतो, बाजूने ओढलेला नाही. परदेशात हॅमॉक बांधलेला विटांचा खांब अंगावर कोसळून माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. झोळीत पडलेला माणूस बरोबर त्या खांबाच्या वाटेत असतो, आणि त्याला पळताही येत नाही. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की झोळी कुठे बांधायची आणि कुठे नाही, याची चार ओळींची सूचना फलकावर लावावी. सरसकट बंदी नको. बंदी घातली की मुलं ती गच्चीवर चोरून बांधतील.

झाडाचं म्हणाल तर जिवंत, निरोगी, आणि निदान वीतभर जाडीचं झाड हवं. आंबा, जांभूळ, ऐन ही भरवशाची. शेवगा ठिसूळ, गुलमोहराच्या फांद्या वादळवाऱ्यात सहज मोडतात. नारळाखाली तर झोपूच नये. नारळ आणि झावळी पडताना पूर्वसूचना देत नाहीत. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात अंतरं सोयीची असतात, फक्त जाड बुंधा निवडावा. बांधण्याआधी वर मान करून वाळकी फांदी, मधमाश्यांचं पोळं आणि पानं चिकटवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत का, ते पाहावं. बांधायला बारीक दोरी वापरू नये, निदान एक इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घ्यावा. सालीच्या लगेच आतल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं. दोरीने तो थर चिरला तर झाडाला जन्मभराची दुखापत होते. शिवाय नायलॉनची दोरी वजनाने ताणते, भिजली की आणखी ताणते. रात्री दीड फुटावर झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो!

आता थंडी. झोळीत गारठा खालून लागतो. आपण गादीवर झोपतो तेव्हा खाली कापूस असतो, झोळीत खाली नुसता वारा. जाड पांघरूण घेतलं तरी पाठीखालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातली हवा जाते आणि ऊब उरत नाही. म्हणून शौकीन लोक झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला एक रजई टांगतात. ती दबत नाही, म्हणून ऊब टिकते. आपल्याला एवढं नको असेल तर योगासनांची फोमची चटई झोळीत तिरकी घालावी, तिच्यावर गोधडी. कोकण किनाऱ्यावर तेवढ्याने भागतं. घाटमाथ्यावर जानेवारीत भागणार नाही.

डास पातळ कापडातून खालूनही चावतात, म्हणून मच्छरदाणी झोळीला चहूबाजूंनी वेढणारी हवी. पावसाची शक्यता असेल तर वर ताडपत्री बांधावी. झाडावरून पट्ट्यावाटे पाणी झोळीत येतं, त्याला सोपा उपाय आहे. झोळीच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा वीतभर तुकडा लोंबता बांधायचा. पाणी त्यावरून खाली ठिबकतं.

झुलण्याचं काय, असं कुणी विचारेल. जीनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा जणांना दुपारी पाऊण तास एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा संथ झुलणाऱ्या पलंगावर झोपवलं. झुलणाऱ्या पलंगावर झोप लवकर लागली. माणसं बाराच होती, त्यामुळे फार मोठा दावा करू नये. पण पाळणा हलवणाऱ्या आयांना या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही.

हे सर्वांसाठी आहे असंही मी म्हणणार नाही. ज्यांना चक्कर येते, तोल जातो, खुब्याची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळीत रात्र काढू नये. ज्यांना पालथं झोपल्याशिवाय झोप येत नाही, त्यांचंही जमणं कठीण. बाकीच्यांनी आधी दिवसा अर्धा तास पडून पाहावं. आत जाताना झोळीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी कापड पसरून मधोमध बसावं, मग पाय वर घ्यावेत. उतरताना आधी दोन्ही पाय जमिनीवर, मग उठायचं. चपला खाली ठेवल्या असतील तर घालण्याआधी झटकाव्यात, विंचवाला आडोसा आवडतो.

शिबिराला अजून अवकाश आहे. माझ्याकडे दोन झोळ्या आणि पट्ट्यांचे तीन जोड आहेत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मागच्या बागेत आंबा आणि जांभूळ यांच्यामध्ये एक बांधून ठेवतो. ज्यांनी रात्रीच्या मुक्कामाला नाही म्हटलं आहे, त्यांनी मुद्दाम यावं, पंधरा मिनिटं पडून पाहावं. नाही जमलं तर दिवसभराची सहल आहेच. जमलं, तर सचिवांकडे जाऊन यादीत नाव बदलून घ्या. झाडं शोधायचं काम माझ्याकडे लागलं.