तंत्रशिक्षकाची पात्रता



बडोद्यात तंत्रशिक्षणाचा विषय निघाला की कलाभवनाचे स्मरण अपरिहार्य ठरते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था स्थापिली आणि तिची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि आडनाव मात्र सुतारकीचे! हा योग अर्थपूर्ण म्हणावा लागेल. कारण तंत्रशिक्षकाच्या ठायी विद्या आणि हात यांची सांगड लागते.

पण तेवढ्याने भागते काय? रंगारी पिढ्यान्‌पिढ्या तुरटी देऊन मंजिष्ठेचा लाल रंग पक्का करीत आला. त्याच कामात लोखंडाचा अंश मिसळला की रंग जांभळट, काळपट होतो, हेही तो जाणतो. कारण विचारले तर मात्र तो गप्प होतो. उलट कारण सांगणाऱ्या पदवीधराला कापड केव्हा बाहेर काढावे हे कळेलच, असे नाही. या दोघांमधली वाट ज्याला शब्दांत उतरविता येते, तोच खरा शिक्षक. तांत्रिक ग्रंथ देशी भाषांत व्हावेत, हा गज्जरांचा आग्रह याच जाणिवेतून आलेला दिसतो.

आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्प निदेशकाची कसोटी याहून वेगळी नाही. फिटरच्या वर्गात मुलगा आठवडाभर कानस चालवितो. गुण्या लावून उजेडात धरले, तर पृष्ठभाग मध्ये फुगीर! सामान्य शिक्षक गुण कापून मोकळा होतो. जाणता निदेशक त्या फुगवट्यावरून ओळखतो की कानस पुढे नेताना मुलाचा हात वरखाली डोलतो आहे. मग पायांतील अंतर, शिकंजाची उंची, दोन्ही हातांचा दाब तो तपासतो. वस्तूतला दोष वाचून हातातला दोष शोधणे, ही विद्या केवळ प्रमाणपत्राने येत नाही. आणि नेमणुकीच्या वेळी तिची परीक्षा क्वचितच होते, हे खेदाने नमूद करावे लागते. परिभाषेचेही तसेच. कोशातला शब्द कितीही शुद्ध असो, भट्टीपाशी तो कोणी उच्चारीत नसेल तर निदेशकाला त्याचा उपयोग नाही.

गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईस गेले. पुढे १९०७ साली कोटिभास्कर व अमीन या शिष्यांनी त्यांच्या साहाय्याने उभारलेला अलेंबिकचा कारखाना याच बडोद्यात नावारूपास आला.