‘निकाली काढले’ म्हणजे काय?

(लोहारा, जि. यवतमाळ येथील तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



एमआयडीसीतली पाळी संपवून तुमच्यातले बरेच जण थेट इथं आलेत. पोटात अन्न नाही, डोळ्यांवर झोप आहे. म्हणून लांबण लावत नाही. आज कचेरीतल्या शब्दांवर बोलायचं आहे.

मी सातवीत होतो. आजीनं निराधार योजनेचा अर्ज केला होता. ही योजना १९८० पासूनची. एक दिवस कागद आला : ‘आपले प्रकरण निकाली काढण्यात आले आहे.’ आमच्या ओळीत वाचता येणारा मी एकटा. मी ऐटीत, मोठ्यानं वाचलं. आजी म्हणाली, ‘निकाल लागला न बाप्पा! झालं आपलं काम.’ तिनं चार घरी साखर वाटली. पैसे येणार म्हणून दुकानात उधारी केली. एक महिना, दोन महिने, चार महिने. शेवटी एसटीनं तालुक्याला गेलो तेव्हा बाबूनं मान वर न करता सांगितलं, निकाली काढलं म्हणजे फाईल बंद. नामंजूर. अपिलाची मुदतही गेली होती.

‘नामंजूर’ हा शब्द त्या कागदावर नव्हताच. तो तिला कळला असता. अर्ज, हक्क, कायदा, तहसील हे फारसी-अरबीतून आलेले शब्द त्या अडाणी बाईला पाठ होते. कळली नाही ती मराठी! १९६४ च्या कायद्यानं मराठी राजभाषा झाली, चांगलंच झालं. पण इंग्रजी साहेब उठला आणि त्याच खुर्चीत ‘उपरोक्त’, ‘तदनुषंगाने’ येऊन बसले. असो. वाचणारा मी होतो, आणि तिला बुडवलं ते मीच. हे अजून पोटात जळतं.

आता ‘शासन’ घ्या. मराठीत शासन म्हणजे राज्यकारभार आणि शासन म्हणजे शिक्षाही. आपल्या वस्तीत दोन्ही एकाच जीपमधून येतात! बाबू म्हणतो, ‘शासनाचा आदेश आहे.’ आपण गप्प. अरे, विचारा ना त्याला, कायदा आहे, जीआर आहे की परिपत्रक? कायदा विधिमंडळ करतं. जीआर मंत्रालयातलं खातं काढतं, राज्यपालांच्या नावानं. परिपत्रक म्हणजे बहुतेक वेळा नुसत्या सूचना. जीआरला कायद्याच्या डोक्यावर बसता येत नाही. नंबर काय, तारीख काय, एवढं विचारलं तरी बाबू चष्मा पुसायला लागतो. नाहीच सांगितलं तर २००५ चा माहिती अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढारी भाषणात सगळ्यालाच ‘तुमचा हक्क’ म्हणतो. संविधान तसं म्हणत नाही. मूलभूत हक्क मोडला तर कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं. मार्गदर्शक तत्त्वांचं तसं नाही; कलम ३७ सांगतं की ती राज्यकारभारात मूलभूत आहेत, पण कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. कुठलं वचन कुठल्या खणातलं, ते आधी बघा. मग टाळ्या वाजवा.

आणि हा ‘लाभार्थी’! विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनचं धान्य हक्काचं झालं, फलकावर मात्र आपण लाभार्थी. हात पसरलेला फोटो तेवढा बाकी आहे.

‘नवबौद्ध’ सुद्धा असाच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. त्या दिवशी आईच्या कडेवर असलेलं पोर आज आजोबा आहे, आणि त्याची नात योजनेचा फॉर्म भरताना ‘नवबौद्ध’ वर खूण करते. किती पिढ्यांनी हा ‘नव’ गळायचा? तो कागदावर कशासाठी आला हे मला माहीत आहे. धर्म बदलला म्हणून सवलती तुटू नयेत यासाठी. तरी प्रश्न विचारणारच.

इकडं वऱ्हाडात आपण पटवारी म्हणतो. कागदावर तो तलाठी होता, २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाला. त्यांचं नाव बदलायला एक निर्णय पुरला.

पुढच्या बैठकीला येताना घरातला एकेक सरकारी कागद आणा. जुना, फाटका, पत्र्याच्या पेटीतला, कसाही चालेल. मोठ्यानं वाचू, आणि ज्या शब्दाला अडू त्याच्याखाली लाल रेघ मारू. आजीचा तो कागद माझ्याकडं आहे. सुरुवात त्यानं करू.