दाराआडची सिस्टर

बुरोंडीहून बोलतेय, तुमच्या बचत गटांची समन्वयक.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई चार दिवस आयसीयूत होत्या. दुसऱ्या रात्री मी दाराशी सिस्टरवर ओरडले, "कधीची बेल मारतेय, कोणी बघतच नाही!" ती काही बोलली नाही, आत गेली. सकाळी कळलं, रात्रभर तिच्या एकटीकडे ३ पेशंट होते आणि त्यातले २ व्हेंटिलेटरवर.

व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटला एक सिस्टर हवी, असा निकष आहे. घशात नळी असली की माणसाला बोलता येत नाही, खोकून कफ काढता येत नाही. तो सिस्टर मशीनने ओढून काढते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दर तासाला लघवी मोजून लिहायची. मशीन वाजलं की धावायचं. कधी नुसती वायर सुटलेली असते, कधी खरंच श्वास अडकलेला असतो. जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, ८ पेशंट दगावले. व्हेंटिलेटर बंद पडला की रबरी फुगा हाताने दाबून श्वास द्यावा लागतो. म्हणजे दोन्ही हात एकाच पेशंटला. तीन पेशंट असले तर तिने कुणाचा फुगा धरायचा?

म्हणून सांगते, घरचं कुणी आयसीयूत असेल तर विचारपूस एकानेच करावी. दहा जणांनी दहादा दार वाजवू नये. आधीची औषधं, कशाची ॲलर्जी, हे कागदावर लिहून द्यावं. आणि रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत, हे जरूर विचारावं. पण तिला नव्हे, व्यवस्थापनाला. माणसं कमी ठेवणं तिच्या हातात नसतं.

त्या सिस्टरची माफी मागायची राहूनच गेली. डिस्चार्जच्या दिवशी तिची सुट्टी होती.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी जीएनएमला जायचं म्हणतेय. फीसाठीच्या कर्जाचा विषय येत्या बैठकीत आहे. तिला मी हे सगळं सांगितलं, ओरडलेलंसुद्धा. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकी, फॉर्म कधी भरायचा?"