मोटारीचा दाखला, माणसाचा दाखला



व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले तेव्हा मी संपाविषयी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाकडून दुसरे काय मिळणार! मी त्यांना म्हटले, ‘या खेपेला जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीवर बोलतो.’ ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांचे चुकले नाही. माझ्या नावावर आजवर एक सायकल आणि एक जुनी स्कूटर यांपलीकडे वाहन नाही. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंत; पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मोटारींचा पंडित म्हणून मी उभा नाही. एक धंदा जवळून पाहिला, त्यातून एक गोष्ट मनाला लागली, ती आपल्यापुढे ठेवतो.

माझा भाचा कॅनडात विंडसर गावी राहतो आणि जुन्या मोटारी दुरुस्त करतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. विंडसर नदीकाठी आहे आणि नदीपलीकडे अमेरिकेचे डेट्रॉइट. नकाशावर कॅनडा वर, अमेरिका खाली, असे आपण शाळेत शिकलो. या एका ठिकाणी मात्र उलटे आहे. विंडसरच्या काठावर उभे राहून उत्तरेला पाहिले की अमेरिका दिसते. मधे १९२९ साली खुला झालेला अँबॅसडर पूल आहे, आणि नदीखालून १९३० चा बोगदा. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, म्हणून मी काठावरच राहिलो. भाचा सकाळी पुलावरून पलीकडे गेला आणि तिसऱ्या प्रहरी एक मोटार घेऊन आला. चोपन्न वर्षांची मोटार सरहद्द ओलांडून आली आणि तिच्यासाठी थांबलेला मामा अलीकडेच! पण तिलाही सहज येऊ दिले नव्हते. त्याची हकीकत पुढे सांगतो.

आधी या मोटारी कोणत्या ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत त्यांना मसल कार म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ नाव दिले. आपल्याकडच्या साध्या मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, यावरून कल्पना करा. मध्यम गाडीत एवढे मोठे इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचाच नियम होता. जीटीओ ही वेगळी गाडी नसून गिऱ्हाइकाने मागितल्यास द्यायची जोड आहे, असे दाखवून तो नियम चुकवला. मग सगळ्यांचीच अहमहमिका लागली. शेव्हरलेची शेव्हेल, डॉजची चार्जर, प्लिमथची बाराकूडा, फोर्डची मस्टँग. तरुण पोरांना परवडेल अशी किंमत आणि शर्यतीच्या घोड्याची धाव. आठ-दहा वर्षांत हा खेळ संपला. विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ साली तेलाची टंचाई आली, आणि पैलवान आखाड्याबाहेर बसले. पुष्कळशा गाड्या भंगारात गेल्या. उरल्या त्यांना आता सोन्याचे मोल आहे. १९७१ सालची हेमी इंजिनाची उघड्या टपाची एक कूडा २०१४ साली सिॲटल येथे लिलावात ३५ लाख डॉलरला गेली.

आता सरहद्दीची गोष्ट. कॅनडाची बाजारपेठ लहान आणि बाहेरून येणाऱ्या मोटारींवर जकात. म्हणून अमेरिकन कंपन्यांनी कॅनडातच कारखाने काढले आणि थोड्या खपात अनेक नमुने भागवायचे म्हणून एकाचे अंग दुसऱ्याला जोडले. कॅनडातल्या पाँटियाकच्या पत्र्याखाली शेव्हरलेचा सांगाडा आणि शेव्हरलेचे इंजिन असे. ओशावा येथे ‘बोमाँट’ नावाची गाडी होत असे. ती म्हणजे थोडे रूप पालटलेली शेव्हेलच. अमेरिकेत ती विकलीच गेली नाही. आज ती पलीकडे नेली की तिकडचे शौकीन भोवती जमतात आणि ही कोणाची कोण, म्हणून विचारतात.

१९६५ च्या जानेवारीत कॅनडाचे पंतप्रधान पिअरसन आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटारींचा करार केला आणि कंपन्यांना मोटारी व सुटे भाग जकातीवाचून इकडून तिकडे नेता येऊ लागले. त्यानंतर एकेका मोटारीच्या अंगातूनच सरहद्द गेली. फोर्डच्या ३५१ घन इंचांच्या दोन जातींच्या इंजिनांना शौकीन मंडळी ‘विंडसर’ आणि ‘क्लीव्हलंड’ म्हणतात. ही त्या इंजिनांच्या कारखान्यांच्या गावांची नावे. आकार सारखा, घडण वेगळी, म्हणून गावावरून ओळखायचे. आपल्याकडे लुगडे येवल्याचे की पैठणचे विचारतात तसे. भाच्याने आणलेली मस्टँग १९६९ ची होती. तिचे इंजिन विंडसरचे, जुळणी नदीपलीकडे डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नची. म्हणजे त्या दिवशी ते इंजिन चोपन्न वर्षांनी माहेरी आले.

हा व्यापार चालतो कशावर? पहिली गोष्ट नाण्याचा भाव. २०११ साली कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा कॅनडातली गिऱ्हाइके दक्षिणेत जाऊन गाड्या उचलत. जानेवारी २०१६ मध्ये तोच डॉलर ७० सेंटांच्या खाली आला, आणि अमेरिकन गिऱ्हाइकांना कॅनडातला माल स्वस्त झाला. दुसरी गोष्ट मीठ. ऑन्टॅरिओत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खाते. म्हणून कोरड्या ॲरिझोनातल्या गाडीला मागणी. तिसरी गोष्ट कायदा. परदेशी मोटारीला आपल्या सुरक्षेच्या नियमांतून सूट द्यायला कॅनडा पंधरा वर्षांचे वय मागतो, अमेरिका पंचवीस वर्षांचे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मोटारींवर २५ टक्के जादा जकात बसवली, तेव्हाही पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या वगळल्या. ज्या नव्या गाड्यांवर आज दोन्ही काठांवरच्या कामगारांची चूल पेटते त्या अडकल्या, आणि शौकिनांच्या म्हाताऱ्या गाड्या सुटल्या. यात कोणाचे लाड झाले ते आपणच पाहा.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कागद. भाचा मला पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘मामा, गाडी नंतर बघायची, आधी कागद.’ अमेरिकेतून मोटार बाहेर काढायची तर तिचे मालकीपत्र तिथल्या कस्टमच्या कचेरीत बहात्तर तास आधी द्यावे लागते, ती चोरीची नाही हे पडताळतात. अलीकडे आल्यावर पाच टक्के कर आणि पुन्हा फॉर्म. हे सरकारी कागद झाले. गिऱ्हाइकाला हवे असतात ते निराळेच.

त्या मस्टँगच्या नंबराची सुरुवात होती ९एफ०२एच. नऊ म्हणजे १९६९ साल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, शून्य-दोन म्हणजे उतरत्या टपाचे शरीर, एच म्हणजे ३५१ चे इंजिन. पुढे सहा आकडी अनुक्रम. तोच नंबर इंजिनावर ठोकलेला असला तर गाडी अस्सल. इंजिन बदललेले निघाले तर किंमत धाडकन खाली येते, म्हणून खोटे नंबर ठोकणारेही आहेत. जिथे पैसा तिथे चोर. मग पुरावा शोधतात. फोर्डने १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी ॲरिझोनातल्या एका गृहस्थाला वापरायला दिल्या आहेत. तो नंबर घेतो आणि गाडी कोणत्या रंगाची होती, कोणत्या तारखेला बांधली, कोणत्या पेढीकडे गेली ते सांगतो. शेव्हरलेच्या अमेरिकेतल्या नोंदी बऱ्याचशा राहिल्या नाहीत. पण जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या शाखेने आपण विकलेल्या गाड्यांच्या नोंदी जपल्या. म्हणून कॅनडात प्रथम विकलेली शेव्हेल अमेरिकन गिऱ्हाईक मुद्दाम शोधत येते. गाडी तीच, पण तिचा दाखला निघतो!

आणखी गंमत ऐका. जुळणीच्या लाईनवर प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद फिरे. या गाडीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती गादी, सगळे त्यावर. काम झाले की कामगार तो कागद आसनाच्या स्प्रिंगांत खोचून देत, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर राहून जाई. पन्नास वर्षांनी आसन उसवले की तो मळका कागद निघतो, आणि मालकाला कूळ सापडल्याचा आनंद होतो. त्या कागदाने गाडीची किंमत हजारोंनी चढते.

ती मस्टँग भाच्याने ज्याच्यासाठी आणली ते म्हातारबाबा विंडसरच्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार होते. आयुष्यभर इंजिने केली, आता एक आपल्या दारात असावे, एवढी हौस. मी त्यांना विचारले, ‘हे इंजिन तुमच्या हातचे असेल का?’ ते हसले. म्हणाले, ‘असेल, नसेल. कोणी केले ते कुठे लिहिलेले नाही.’ गाडीचा रंग लिहिला, गादी लिहिली, तारीख लिहिली. हात लिहिला नाही.

मंडळी, मी लगेच म्हणणार होतो की जगभर हे असेच. वस्तूची नोंद राहते, माणसाची राहत नाही. पण म्हातारबाबांनी मला चूक ठरवले. ते म्हणाले, ‘इंजिनावर माझे नाव नाही. पण माझी नोकरी कोणत्या दिवशी सुरू झाली ते कंपनीला माहीत आहे आणि युनियनलाही. त्यावरच मला निवृत्तिवेतन मिळते.’ तारीख त्यांना तोंडपाठ होती.

ही तारीख कोणी त्यांना भेट दिलेली नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये ओशावाच्या कामगारांनी पंधरा दिवस संप केला. १९४५ साली विंडसरच्या फोर्ड कामगारांचा संप ९९ दिवस चालला. पोलिसांना आत जाता येऊ नये म्हणून त्यांनी कारखान्याच्या रस्त्यांवर शेकडो मोटारी आणि बसगाड्या आडव्या लावल्या. मोटार करणाऱ्यांनी मोटारींचाच तट उभारला. त्यातून १९४६ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रँड यांचा निवाडा आला आणि युनियनची वर्गणी पगारातून कापण्याचा पायंडा पडला. १९७० साली, पैलवान गाड्या भरात असताना, जनरल मोटर्सचे कामगार ६७ दिवस बाहेर होते. त्यांच्या मागण्यांत तीस वर्षे सेवा झाली की निवृत्तिवेतन, ही एक होती. तीस वर्षे मोजायची तर पहिला दिवस कुठेतरी लिहिलेला हवा. तो लिहून घेण्यासाठी माणसे लढली.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याकडची. वीस-बावीस वर्षांपूर्वी भोसरीच्या बाजूचा एक सुट्या भागांचा कारखाना बंद पडला. तिथे आमचा एक सोबती होता. तयार झालेल्या प्रत्येक ओतीव भागावर नंबराचा पंच मारायचा, हे त्याचे काम. रोज शेकडो नंबर. एकोणीस वर्षे त्याने ते केले. उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते मागायला गेला तेव्हा कारखान्याने सांगितले, ‘हा आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा.’ ठेकेदार चार वेळा बदललेले. नेमणुकीचे पत्र कधी दिलेच नव्हते. हजेरीपट मागितले तर पावसात भिजले म्हणाले. १९७२ चा कायदा दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देत असे, पण वर्षे सिद्ध करायची कशी?

आम्ही त्याच्या घरी पत्र्याची पेटी उपडी केली. विम्याचे एक कार्ड, दिवाळीच्या बोनसची दोन पाकिटे आणि पितळी बिल्ला. भाचा आसनाच्या स्प्रिंगांत हात घालून कागद शोधताना मी पाहिला, तेव्हा मला ती पेटी आठवली. तेवढ्यावर अकरा वर्षे सिद्ध झाली. आठ वर्षे गेली. यात माझीही चूक आहे, ती इथे कबूल करतो. त्याची नोकरी चालू असतानाच मी संघटनेचे काम पाहत होतो. पगारवाढीसाठी आम्ही फाटक दणाणून सोडले. पण ‘प्रत्येकाच्या हातात पत्र द्या’ ही मागणी मागणीपत्रात शेवटी टाकली आणि तडजोडीत सर्वांत आधी सोडली. पैशापुढे कागद हलका वाटला. तो सोबती आता नाही. त्याने मारलेले नंबर कुठल्या कुठल्या गाड्यांत अजून फिरत असतील, आणि कधी कोणी भिंग लावून ते वाचीलही.

२०२० च्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. त्या संहितांतल्या इतर कलमांवर माझे भांडण आहे, ते दुसऱ्या दिवशी करीन. हे कलम मात्र चांगले आहे. पण कलम आपण होऊन कोणाच्या पेटीत जाऊन पडत नाही.

या सभागृहात दुकानदार आहेत, छोटे कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत. आपल्याकडे कोणी ना कोणी कामाला आहे. जुनी स्कूटर घेताना आपण आरसी पुस्तक दहा वेळा उलटून पाहतो, इंजिनाचा नंबर जुळवतो. उद्या सकाळी तसेच एकदा आपल्या माणसाविषयी विचारा: हा आपल्याकडे कोणत्या दिवशी आला? आठवत नसेल तर त्यालाच विचारा, त्याच्या लक्षात असते. मग ते एका कागदावर लिहा, खाली सही करा आणि तो कागद त्याच्या हातात द्या.